युरोव्हिजनमधलं ब्रिटनचं शून्य: त्या फॉरवर्डला उत्तर

‘ब्रेक्झिटचा सूड म्हणून युरोपने २०२१मध्ये ब्रिटनला शून्य गुण दिले. स्पर्धा युरोपीय संघाची, शेजारी शेजाऱ्यालाच मतं देतात, ब्रिटन पैसे भरून फायनलला जातं, भारतातून तर मतच देता येत नाही.’ युरोव्हिजन या देशादेशांमधल्या गाण्यांच्या स्पर्धेबद्दलचा हा मेसेज ब्रिटनमधल्या मराठी ग्रुपांवरून फिरत फिरत आमच्या काकांपर्यंत पोचला, आणि त्यांना तो पटलाही. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी ते शून्य. युरोव्हिजनच्या फायनलमध्ये प्रत्येक देश दोन याद्या देतो, एक ज्युरीची आणि एक प्रेक्षकांची. प्रत्येक यादीत फक्त पहिल्या दहांना गुण मिळतात: १२, १०, ८ आणि पुढे ७ ते १. अकराव्याला काहीच नाही, सव्विसाव्यालाही काहीच नाही. २०२१ला रॉटरडॅममध्ये ३९ देश मत देत होते. स्वतःला मत देता येत नाही, म्हणजे ब्रिटनसाठी ३८ देशांच्या ७६ याद्या. त्या सगळ्यांत एखादं गाणं अकरावं आलं, तरी बेरीज शून्यच. तिरस्कार मोजायला या पद्धतीत जागाच नाही. शिवाय प्रेक्षक आपल्या आवडत्या गाण्याला मत देतो, क्रम लावत नाही. ‘बरं आहे’ वाटणाऱ्या गाण्यासाठी कुणी फोन उचलत नाही. ब्रिटनच्या जेम्स न्यूमनच्या गाण्याचं तेच झालं. मंचावर दोन अवाढव्य ट्रम्पेट ठेवून ते सावरलं नाही.

त्याच रात्री प्रेक्षकांकडून आणखी तिघांना शून्य मिळालं: जर्मनी, स्पेन आणि खुद्द यजमान नेदरलँड्स. तिघेही युरोपीय संघाचे सदस्य. त्यांच्यावर कुणी कसला सूड उगवला?

पुढच्याच वर्षी तूरिनमध्ये ब्रिटनचा सॅम रायडर ४६६ गुणांनी दुसरा आला, ज्युरीच्या यादीत तर २८३ गुणांसह पहिला. ब्रेक्झिट तेच आणि मत देणारे देशही जवळजवळ तेच. बदललं होतं गाणं, गळा आणि तयारी. रायडरचे टिकटॉकवर आधीच एक कोटीहून जास्त अनुयायी होते, आणि स्पर्धेआधी त्याने युरोपभर फिरून गाणं लोकांच्या कानावर घातलं होतं. तीन मिनिटांचं गाणं फायनललाच पहिल्यांदा ऐकू आलं, तर ते पहिल्या दहांत जाणं फार अवघड.

२०२४ आणि २०२५मध्ये ब्रिटनला प्रेक्षकांकडून पुन्हा शून्य मिळालं, हे खरं आहे. पण २०२५मध्ये स्वित्झर्लंडचं काय झालं तेही पाहा. ज्युरीकडून २१४ गुण, त्या यादीत दुसरा क्रमांक, आणि प्रेक्षकांकडून शून्य. तेही बाझेलमध्ये, स्वतःच्या घरी. स्वित्झर्लंडशी कुणाचं वैर होतं?

२०२१च्या आधीचं ब्रिटनचं पूर्ण शून्य २००३चं, रिगामधलं. जेमिनी या जोडीचे सूर उघड उघड घसरले होते. तेव्हा इराक युद्धाला दोष दिला गेला, आणि त्या रागाचा थोडा वाटा असेलही. पण ब्रिटन तेव्हा युरोपीय संघातच होतं.

स्पर्धा युरोपीय संघाची नाहीच. ती युरोपीय ब्रॉडकास्टिंग युनियनची, म्हणजे सार्वजनिक प्रसारकांच्या संघटनेची. नॉर्वे युरोपीय संघात नाही, तरी तीनदा जिंकलाय, आणि चारदा शून्यावरही राहिलाय.

शेजाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना वर्षानुवर्षं १२ गुण देत आलेत. पण एका शेजाऱ्याच्या दोन याद्यांमधून फार तर २४ गुण येतात, ४६६ नव्हेत.

पैशाचंही तसंच. मोठा आर्थिक वाटा उचलणारे मोजके देश थेट फायनलला जातात, त्यात ब्रिटन आहे. त्याने जागा मिळते, गुण नाहीत.

आणि भारतातून मत देता येतं. २०२३पासून स्पर्धेबाहेरच्या देशांतले प्रेक्षक कार्डाने पैसे भरून ऑनलाइन मत देतात. फक्त त्या सगळ्यांची मतं मिळून एकाच देशाच्या प्रेक्षक-यादीइतकी मोजली जातात.