तोरणमाळला तडकलेल्या काचेबद्दल, दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ, तुमचा रिव्ह्यू वाचला. शहाद्यात आमच्याकडून समोरची काच टाकून महिनाही झाला नाही, तोरणमाळला मुक्कामाला गेलात, सकाळी काचेवर बर्फ होता, गरम पाणी टाकल्याबरोबर तडा गेला, वायपरचं रबर पण फाटलं आणि आम्ही डुप्लिकेट काच देऊन वॉरंटीला नाही म्हणलो असं तुम्ही लिहिलंय. एक स्टार दिला तो तुमचा हक्क आहे. पण डुप्लिकेट म्हणलात तिथं मला बोलणं भाग आहे, आणि थंडीत भरपूर लोकं वर जातात म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

काच आधी बघून घ्या. खालच्या कोपऱ्यात आयएसआयचा मार्क आहे, आयएस २५५३ हा सुरक्षित काचेच्या मानकाचा नंबर आहे, कंपनीचं नाव आहे आणि लॅमिनेटेड लिहिलेलं आहे. समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मधे पीव्हीबीचं प्लास्टिक, म्हणूनच तडा जाऊनही ती तुमच्या अंगावर सांडली नाही. हेच उकळतं पाणी बाजूच्या काचेवर पडलं असतं तर ती टफन्ड असते, गेली तर एकदम पूर्ण चुरा होते. मागच्या सीटवर पोरं होती असं तुम्हीच सांगितलं होतं, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

आता तडा का गेला ते. काचेतून उष्णता हळू जाते. बाहेरून गरम पाणी पडलं की वरचा थर लगेच फुगायला बघतो, आतला थर आणि रबराखालची कड थंडच राहते, मग सगळा ताण कडेवर येतो. काच कोणत्याही कंपनीची असो, ओरिजिनल असो नाहीतर शोरूममधली असो, गोठलेली असताना उकळतं पाणी टाकलं तर ती तडकू शकते, आणि कुठं खडी लागून बारीक टिचलेली असली तर अजूनच लवकर. तुम्ही गाडी आणली तेव्हा आपण दोघांनी मिळून बघितलं, तडा खालच्या कडेतून निघून वर वळलाय आणि दगड लागल्याचा खड्डा कुठंच नाही. उष्णतेचा तडा असाच जातो.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, फ्रेम वाकडी असली किंवा काच ताणात बसली तरी कडेतूनच तडा जातो. त्यामुळं तुम्ही समोर उभे रहा, मी काच काढतो, फ्रेम दोघं तपासू. बसवण्यात दोष निघाला तर नवीन काच आणि मजुरी माझ्याकडून. वॉरंटी त्याचसाठी आहे, आणि पाणी गळण्यासाठी, काचेतल्या बनावटीच्या दोषासाठी. गरम पाण्यासाठी नाही, हे बिलावर छापलेलं आहे आणि तेच मी काउंटरवर बोललो.

तुम्ही असंही लिहिलंय की मोबाईलवर तापमान ३-४ डिग्री दाखवत होतं मग बर्फ कसा. तापमान मोजतात ते जमिनीपासून चारेक फूट उंचीवर, सावलीतल्या पेटीत. तुमची गाडी रात्रभर उघड्यावर होती. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की काच आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते आणि हवेपेक्षाही थंड होते, शून्याच्या खाली गेली की त्यावर बर्फच धरतो. डाब, वालंबा, तोरणमाळ ह्या सातपुड्याच्या पट्ट्यात कडक थंडीत दव गोठतं ते असंच. समोरची काच तिरपी, आभाळाकडे तोंड करून असते म्हणून तिच्यावर जास्त, बाजूच्या काचांवर कमी. हीच गाडी पत्र्याच्या शेडखाली किंवा दाट झाडाखाली असती तर बहुतेक काच कोरडी सापडली असती.

म्हणून वर जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं, रात्रीच झाका. जुनी चादर, पुठ्ठा, ताडपत्री काहीही चालेल फक्त कोरडं पाहिजे, ओली चादर काचेलाच चिकटून गोठते. वायपर उचलून ठेवा. आणि लॉक करायच्या आधी दोन मिनिटं दारं उघडी ठेवून आतली दमट हवा जाऊ द्या, ओले मॅट बाहेर काढा, नाहीतर आतून पण धुकं धरतं.

झाकायचं राहिलं तर सकाळी गाडी चालू करून नॉब लाल खुणेकडे न्या (आपल्याकडं खान्देशात हीटर कोणी लावतच नाही म्हणून ही सवयच नसते), हवा काचेकडे वळवा, आतली हवा फिरवायचं बटण बंद ठेवा. हीटरला गरमी इंजिनच्या पाण्यातून मिळते, सुरुवातीला थंडच वारा येतो आणि मग हळूहळू गरम होतो, काचेला तेच सोसतं. पातळ थर जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडा, स्टीलची पट्टी किंवा सुरी अजिबात नको. आयसोप्रोपाइल अल्कोहोल दोन भाग आणि पाणी एक भाग स्प्रेच्या बाटलीत नेलं तर बर्फ पटकन सुटतो, ते अल्कोहोल उणे ८९ डिग्रीला गोठतं, पण शेकोटी आणि बिडीपासून लांब ठेवा कारण पेट घेतं. मिठाचं पाणी नको, पत्रा गंजतो. मागच्या काचेवर आतून डिफॉगरच्या (काच तापवून धुकं घालवणाऱ्या) तारा असतात तिथं काहीच घासू नका.

वायपरचं सांगायचं तर ते बर्फावर चालवले गेले, रबर काचेला चिकटलेलं होतं म्हणून फाटलं. मोटरचा फ्यूज वाचला हे बरं झालं.

एवढुसं भोक पुसून त्यातून बघत सात पायरीचा घाट उतरायला सुरुवात केली असंही तुम्ही लिहिलंय. भाऊ, हे वाचून मला काचेपेक्षा जास्त वाईट वाटलं. त्या वळणांवर सकाळचं ऊन समोरून आलं की अर्धवट पुसलेल्या काचेतून काहीच दिसत नाही. अर्धा तास उशिरा निघा पण पूर्ण काच साफ करूनच निघा.

खर्चाचं बोलू. तुमची विमा पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) असेल तर काचेवर डेप्रिसिएशन (जुनी झाली म्हणून किंमतीतली घट) कापत नाहीत, क्लेममधली ठरलेली कंपल्सरी रक्कम तेवढी तुमच्याकडून जाते, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये. क्लेम घेतला तर पुढच्या वर्षी नो क्लेम बोनसवर (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीवर) परिणाम होतो, म्हणून आधी दोन्ही आकडे मांडून बघू आणि तुम्हाला स्वस्त पडेल तेच करू. क्लेम घ्यायचा ठरला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काचेला हात लावायचा नाही, फ्रेम आपण त्यानंतर तपासू. तोपर्यंत गाडी प्रेशरने धुऊ नका, काचेवर एसीचा गार झोत सोडू नका, तडा वाढतो. पॉलिसीचा कागद आणि आरसी घेऊन या, वायपरचं रबर मी तसंही बदलून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.