देणगीदारास चार हिताच्या गोष्टी

डोंगर पोखरायचाय? खाण असो, बंदर असो की रिसॉर्ट, आधी एक पथ्य पाळा: राजकीय पक्षाला देणगी देताना काहीही मागू नका. मागितलं की ती लाच होते. नुसती दिली की लोकशाही बळकट होते.

मधे सोय फार झकास होती. 2018 पासून स्टेट बँकेत निवडणूक रोखे मिळायचे, 1 हजारापासून थेट 1 कोटीपर्यंत, आणि देणाऱ्याचं नाव गुप्त. नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा 2017 मध्येच उठवलेली, त्यामुळे तोट्यातल्या कंपनीलाही दानशूर होता यायचं. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळाच रसभंग केला. खचू नका, कंपन्यांच्या देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारे इलेक्टोरल ट्रस्ट आहेत. (नाव जाहीर होतं म्हणा, पण तोवर बहुतेकदा शपथविधीही उरकलेला असतो.)

आता पर्यावरण. कायदा मोडा, असं पुढाऱ्याला कधी सुचवू नये. बिचारा अडचणीत येतो. कायदा राहू द्यावा, त्यातला एखादा आकडा तेवढा सरकवावा. जनसुनावणीचंच बघा. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासायला लावणाऱ्या 2006 च्या अधिसूचनेत लोकांना किमान 30 दिवस दिलेत. तिच्या जागी आणायच्या 2020 च्या मसुद्यात ते 20 करायचं घाटत होतं. दहाच दिवस, त्यात काय एवढं? अहो, गावात येतो तो शेकडो पानांचा इंग्रजी अहवाल, मराठीत फक्त सारांश. पाणी कुठल्या नदीतून उचलणार, हा तक्ता शोधून कुणाकडून तरी समजून घेण्यातच पंधरवडा जातो. लाखो हरकती आल्या आणि मसुदा रखडला, ते सोडा. यामागे देणगी होती का? पुरावा नाही. पुरावा मागे राहील असं काही करावंच लागत नाही, हीच तर खुबी.

तो अहवाल लिहिणारा सल्लागार तुम्हीच नेमायचा, बिलही तुम्हीच भरायचं. हे रीतसर नियमात बसतं. त्यावर देणगी वाया घालवू नका.

झाडांबद्दल हळवे असाल तर भरपाई वनीकरण आहेच. जंगल इथलं जातं, रोपं भलत्याच जिल्ह्यात लागतात. फोटोत मंत्री झारी घेऊन मधोमध, तुम्ही दुसऱ्या रांगेत, अर्धवट झाकलेले.

आणि हो, विरोधकांना विसरू नका. त्यांनाही तेवढ्याच प्रेमाने द्या. मग अधिवेशनात तारांकित प्रश्न येतील ते रस्त्यांवरच्या खड्ड्यांचे, तुमच्या खाणीच्या खड्ड्याचे नाहीत.