व्हायकिंगांच्या डोक्यावरची शिंगं आधी उतरवा

इंग्लंडमध्ये व्हायकिंग (स्कँडिनेव्हियातून समुद्रमार्गे आलेले लढवय्ये) आणि अँग्लो-सॅक्सन (तेव्हाचे इंग्रज) यांच्या संघर्षावर लाइव्ह रोल-प्ले होतात, म्हणजे खेळाडू वेशभूषा करून पात्रं जगतात. या खेळांबद्दल एक दावा सगळीकडे फिरतोय: ‘शिंगांची शिरस्त्राणं घातलेले रानटी निरपराध सॅक्सनांना कापत सुटतात. ही निव्वळ दांडगाई आहे, आणि आतून शुद्ध नॉर्डिक रक्ताचं कौतुक.’ मला हे पटत नाही.

शिंगं व्हायकिंगांची नाहीतच. ती लोकप्रिय झाली 1876 साली जर्मनीतल्या बायरॉइटला, संगीतकार वाग्नरच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लरने केलेल्या वेशभूषेमुळे. डेन्मार्कमध्ये व्हेक्सोला सापडलेली शिंगवाली शिरस्त्राणं खरी आहेत, पण ती कांस्ययुगातली; व्हायकिंगांच्या दीड हजारांहून जास्त वर्षं आधीची.

दांडगाई म्हणाल, तर रोल-प्लेमधल्या तलवारी फोमच्या असतात. लढाईच्या पुनर्सादरीकरणात, म्हणजे खरी लढाई जशी झाली तशी पुन्हा करून दाखवताना, पोलाद असतं, पण धार बोथट केलेली.

रक्ताचा मुद्दा मात्र गंभीर आहे. वंशवादी लोक व्हायकिंग चिन्हं मिरवतात, हे खरंच आहे. पण 2020 साली प्रसिद्ध झालेल्या 442 प्राचीन माणसांच्या जनुकसंचांच्या (संपूर्ण डीएनएच्या) अभ्यासाने त्यांच्याच दाव्यातली हवा काढली. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर व्हायकिंग पद्धतीने तलवारींसह पुरलेल्या दोघांच्या वंशात स्कँडिनेव्हियन अंश नव्हता. व्हायकिंग होणं हे रक्तावर अवलंबून नव्हतं.

आता ‘निरपराध सॅक्सन’. 793 साली व्हायकिंगांनी इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला, त्याचं समर्थन कुणीच करू नये. पण 13 नोव्हेंबर 1002 चं काय? राजा एथेलरेडने इंग्लंडमधल्या डेन लोकांच्या, म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्यांच्या, कत्तलीचा हुकूम दिला. ऑक्सफर्डमध्ये जीव वाचवायला चर्चमध्ये शिरलेल्यांवर ते चर्चच पेटवलं गेलं. 1004 च्या राजाच्याच सनदेत हे लिहिलंय, आणि त्यात डेन म्हणजे गव्हात माजलेलं तण!

इथेच रोल-प्लेचं मोल मला कळतं. 1066 च्या हेस्टिंग्जच्या लढाईच्या पुनर्सादरीकरणात इंग्रज राजा हॅरॉल्ड दरवर्षी पडणारच, शेवट ठरलेला. रोल-प्लेमध्ये तो ठरलेला नसतो. 1002 च्या कत्तलीसारख्या प्रसंगात सॅक्सन झालेल्या खेळाडूला शेजारच्या डेन कुटुंबासाठी दार उघडायचं की नाही, हे तिथल्या तिथे स्वतःच ठरवावं लागतं.

नुसत्या लढायाही नव्हत्या. 878 साली एडिंग्टनच्या लढाईत हरलेल्या व्हायकिंग नेता गुथ्रमने बाप्तिस्मा घेतला आणि त्याला हरवणारा सॅक्सन राजा आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला. पुढे दोघांनी तह करून सीमा आखली. मारला गेलेला माणूस इंग्रज असो वा डेन, वरच्या दर्जाच्या माणसाची भरपाई त्यात एकच ठरली: शुद्ध सोन्याचे आठ अर्धे मार्क (मार्क हे वजनाचं माप).