सड्यावरचे बंगले आणि खालच्या वाडीची विहीर

आमच्या सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळाच्या पठारावर, 'सी व्ह्यू एनए बंगलो प्लॉट' पडणार हे आम्हाला कळलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेल्या जाहिरातीतून. पंचायतीत विचारलं तर "अजून कागद आलेले नाहीत." तिकडे बुकिंग सुरू! गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. राजापूरपासून दापोलीपर्यंत कुठलंही टाका, खपून जाईल.

माझा या प्लॉटिंगला विरोध आहे. मुंबई-पुण्याची माणसं येऊन राहण्याबद्दल तक्रार नाही, आमचे निम्मे लोक तिकडेच राहतात. प्रश्न पाण्याचा आहे.

जाहिरातीतला ड्रोनचा फोटो पावसाळ्यातला. हिरवंगार गवत, मध्ये सीतेची आसवं फुलून निळा झालेला कातळ. एप्रिलमध्ये दुपारी तिथे अनवाणी उभं राहून दाखवा म्हणावं. सातबाऱ्यावर ही जमीन पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून घेणाऱ्याला वाटतं पडीकच आहे, कुणाचं काय जातंय? पण पावसाचं पाणी मुरतं ते इथेच. जांभ्याच्या भेगांतून खाली उतरतं, खालच्या चिकट मातीला अडतं आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडतं. आमच्या वाडीची विहीर त्याच झऱ्यावर आहे. मे महिन्यात एकीची घागर भरली की दुसरीने लगेच दोर सोडायचा नसतो. काठावर बसायचं, तळाला पुन्हा पाणी साचू द्यायचं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात ही गत.

आता त्या विहिरीच्या डोक्यावर प्रत्येक बंगल्याला बोअर, काहींना स्विमिंग पूल. आणि संडासच्या टाक्या? ते पाणीही त्याच भेगांतून खाली येणार.

रोजगार येईल म्हणतात. शेजारच्या गावात आलाय की! गेटवर एक वॉचमन, आणि शनिवार-रविवार भांडी घासायला दोन बायका. गवंडीसुद्धा बाहेरचे.

कातळशिल्पांचं, म्हणजे कातळात कोरलेल्या जुन्या चित्रांचं, तर कुणी नावच काढत नाही. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथली शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आमचा सडा अजून कुणी नीट पाहिलेलाही नाही. जेसीबी फिरल्यावर काय शोधणार?

जमीन गेली कशी, तर सामाईक सातबाऱ्यातून. ढीगभर नावं, त्यातल्या एकाने विरारला बसून आपला हिस्सा दिला. पोरांच्या फिया भरायच्या होत्या, त्याला मी नावं ठेवत नाही. पण बिल्डर आता आमचा सहहिस्सेदार आहे.

ग्रामसभेचं गणित समजून घ्या. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. ना हरकतीचा ठराव तिथेच दहा-बारा टाळक्यांत उरकतो. म्हणून मुंबईतल्या गाववाल्यांनो, 15 ऑगस्टच्या सभेला या. गणपतीला येणारच आहात, यंदा जरा आधी निघा. दोनच गोष्टी मागायच्या आहेत: भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून सड्याची पाहणी झाल्याशिवाय ना हरकत नको, आणि महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर दाखवा. 500 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटिंगला तो लागतो, जाहिरातीत कुठेच दिसला नाही.

आणि मुंबईकरांनो, सही करण्याआधी वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज टाका. भाव किती मिळतोय तेही लिहा, मागाहून भावकीत भांडणं नकोत.