खाजणाऱ्या पुळ्यांवर खोबरेल नको

घासून सोललेल्या चेहऱ्याला रात्री खोबरेल चोळा, असं एका लेखात वाचलं. कपाळावर एकसारख्या, बारीक, खाजणाऱ्या पुळ्या असतील तर कृपा करून हे करू नका. माझ्या लेकीला त्याचा फार त्रास झाला.

आम्ही सांगलीचे. हळदीचं गाव, त्यामुळे पुळी उठली की आधी हळद-बेसन. तिनं ते रोज घासलं. गालांची सालं निघाली, साधं पाणी लागलं तरी चरचरायचं. त्यावर मी खोबरेल लावलं, तर पुळ्या दुप्पट!

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे नेहमीचे मुरुम नाहीत, मॅलासेझिया नावाची बुरशी आहे. ती सगळ्यांच्याच त्वचेवर असते, पण तेलातल्या मेदाम्लांवर पोसते आणि घामात फोफावते. उपाय २ टक्के कीटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू, पुळ्यांवर काही मिनिटं ठेवून धुवायचा. पण सोललेल्या कातडीला तोही झोंबतो. म्हणून आधी घासणं पूर्ण बंद, फक्त कोमट पाणी आणि पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर, कारण ती या बुरशीला खाता येत नाही. चरचर थांबल्यावरच शाम्पू सुरू केला.

आणि मेडिकलमधून स्टिरॉइडची ट्यूब परस्पर आणू नका. लाली चार दिवस दबते, बुरशी मात्र वाढते आणि कातडी आणखी पातळ होते.