राजाबाई टॉवर अन् आमची पऱ्हाटी

आमच्या गावचा कट्टा म्हणजे ग्रामपंचायतीसमोरच्या कडुनिंबाचा पार. रात्री जेवणं आटोपली की पाचसहा जण जमतातच. सध्या पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वेचणी जोरात आहे, त्यामुळे परवा सगळे थकून आले होते. नानांच्या सदऱ्याच्या बाहीला कापसाचा एक पुंजका चिकटून होता, अन् नखांच्या कडेला बोंडाच्या टोकांचे ओरखडे. बोलणं कापसाच्या भावाचंच निघणार असं वाटत होतं, पण निघालं मुंबई विद्यापीठाचं.

मास्तरांचा पुतण्या परीक्षेसाठी मुंबईला जाऊन आला होता. फोर्टातल्या राजाबाई टॉवरचे दहाबारा फोटो त्यानं काढले होते, त्यातला एक स्टेटसला ठेवला होता अन् खाली लिहिलं होतं, 'प्रेमचंद रायचंद यांची देणगी'. मोबाइल हातोहात फिरला.

"किती उंच असन बे?" नानांनी विचारलं.

"280 फूट."

मास्तर इतिहास शिकवतात, अन् अशा वेळी त्यांना थांबवावंसं कोणालाच वाटत नाही. विद्यापीठ 1857 चं, पण स्वतःच्या इमारती उभ्या राहायला पुढची वीसेक वर्षं गेली. नकाशे गिल्बर्ट स्कॉट नावाच्या इंग्रज वास्तुविशारदानं लंडनमध्ये बसून काढले; तो हिंदुस्थानात कधी आलाच नाही. दगड मात्र कुर्ल्याचा. शेजारचा पदवीदान समारंभाचा हॉल कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या एक लाखाच्या देणगीतून झाला. टॉवर अन् त्याच्या पोटातलं ग्रंथालय प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून: 1864 साली आधी ग्रंथालयासाठी दोन लाख, मग टॉवरसाठी आणखी दोन लाख, अट एकच, आईचं नाव द्यायचं. 1869 ला काम सुरू झालं, 1878 ला संपलं.

"मायचं नाव देल्लं, हे मले आवडलं," नाना म्हणाले. मग जरा थांबून, "पन 1864 साली एवढा पैसा आनला कुठून त्यानं?"

तिथून खरी चर्चा पेटली.

मास्तरांनी सांगितलं ते आमच्यातल्या बहुतेकांना नवीन होतं. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली अन् तिथला कापूस इंग्लंडला जाईना. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या. मग त्यांना हिंदुस्थानचा कापूस आठवला. मुंबईत भाव असा चढला की रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघायला लागल्या. त्या तेजीचा राजा म्हणजे प्रेमचंद रायचंद.

"अन् कापूस कुठचा?" नानांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं असं मला वाटतं, त्यांना ते मास्तरांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"वऱ्हाडचा. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाले 'उमरा' म्हनत. उमरावती म्हंजे आपली अमरावती, तिचा उमरा. अन् हिंगणघाटचा कापूस वेगळ्या नावानं, त्याच्याहून चांगला म्हनून विकला जाये."

पारावर कोणी काही बोललं नाही. मला स्वतःला अंगावर काटा आला. युद्ध सुरू झालं तेव्हा रेल्वे वऱ्हाडात पोचायची होती; नागपूरपर्यंत रूळ आले ते 1867 ला. म्हणजे सुरुवातीचा कापूस तरी बैलगाड्यांनीच निघाला असणार. गाडीमागे चालणारा तो माणूस डोळ्यांपुढून हलेना.

"मंग टॉवर आपला झाला ना!" नाना म्हणाले. "एक तरी अक्षर हाय का तिथं कास्तकाराचं?"

पुतण्यानं सांगितलं, टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे 24 पुतळे आहेत. नानांनी फोटो मोठा करकरून पाहिला. एवढ्या उंचीवरचं मोबाइलमध्ये काय दिसणार.

आता आमच्यातला अडत्या बोलला. तो आमचाच मित्र, हंगामात कापूस खरेदी करतो, त्यामुळे त्याचं अशा वेळी मन दुखतं हे आम्हाला ठाऊक आहे. "नाना, राग नका मानू. माल पिकवनारा एक, जोखीम घेनारा दुसरा. 1865 मध्ये लढाई सरली, भाव कोसळला, तो प्रेमचंदही बुडालाच ना? त्यानं पैसा आधीच देऊन ठेवला म्हनून टॉवर झाला. स्वतःजवळ ठेवला असता तर तोही गेला असता. देनाऱ्याचं नाव राहीन नाई तर कोनाचं?"

त्याचं म्हणणं खोटं नाही. मास्तरांनीही त्यात भर घातली: कापूस एकट्या वऱ्हाडचा नव्हता, गुजरातेतल्या भडोचचा होता, खानदेशचा होता, धारवाडकडचा होता. अन् प्रेमचंदचा सगळा पैसा कापसाचा नव्हता, शेअरच्या सट्ट्याचा अन् समुद्र बुजवून जमीन काढायच्या कंपन्यांचाही होता.

"पन सट्टा कायच्या जिवावर होता?" नाना ऐकायला तयार नव्हते. "कापूसच नसता तं शेअर कायचे इकले असते?"

मी नानांच्या बाजूनं बोललो, अन् अजूनही त्याच बाजूनं आहे. देणाऱ्याचं नाव पुसा असं मी म्हणत नाही. पण विद्यापीठ ही शिकायची जागा. तिथल्या पोरानं दगड कुर्ल्याचा हे शिकावं, नकाशा लंडनचा हे शिकावं, अन् पैसा कुठून आला एवढंच शिकू नये, हे मला पटत नाही.

अन् हे मुंबईचंच नाही. नागपूरला अमरावती रोडवर लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट आहे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण 1930 मध्ये वारले, त्यांनी मृत्युपत्रात विद्यापीठाला सुमारे 35 लाख रुपये ठेवले, त्यातून 1942 ला ती संस्था उभी राहिली. पैसा मँगनीजचा. मी त्या रस्त्यानं किती वेळा गेलो असेन, खाणीत उतरणाऱ्या मजुराचा विचार एकदाही आला नाही. लक्ष्मीनारायण मोठ्या मनाचे होते यात शंका नाही. पण घामाचा हिशोब निराळा मांडावा लागतो.

"अकोल्याचं तरी आपलं हाय," नाना म्हणाले. ते तेव्हा शाळकरी होते. ऑगस्ट 1967 मध्ये विदर्भात कृषी विद्यापीठ हवं म्हणून आंदोलन पेटलं, अकोल्यात गोळीबार झाला, माणसं मेली. 20 ऑक्टोबर 1969 ला विद्यापीठ झालं अन् पंजाबराव देशमुखांचं नाव लागलं. नानांचे वडील त्या दिवसांत अकोल्याला गेले होते अन् दोन दिवस घरी परतले नव्हते. "मायनं चूल पेटवली नव्हती," एवढंच नाना म्हणाले.

साडेदहा वाजून गेले होते. पुतण्यानं मोबाइल काढला. "स्टेटस बदलतो, सांगा काय लिहू?"

"लिही, 'हा टॉवर वऱ्हाडच्या कापसाचा हाय'."

"तसं नाई लिहिता येत," मास्तर म्हणाले. "भडोचवाल्यानं वाचलं तं?"

"मंग त्यानं त्याचं लिहावं!"

"नाना, मी शाळेत जे शिकवतो तेच लिहीन."

दहा मिनिटं एका ओळीवर गेली. अडत्याला प्रेमचंदचं नाव राहायला हवं होतं, ते राहिलं. शेवटी भांडण उरलं एका अक्षरावर. नाना म्हणत 'वऱ्हाडचा', मास्तर म्हणत 'वऱ्हाडचाही'. नाना बराच वेळ बाहीवरचा तो पुंजका बोटांत चोळत बसले.

"घाल तो 'ही'," ते म्हणाले. "पन वऱ्हाड पयले लिही."

पुतण्यानं लिहिलं: 'प्रेमचंद रायचंद यांची देणगी, 1864. या पैशात वऱ्हाडचाही कापूस आहे, खानदेश अन् भडोचचाही.' नानांनी चष्मा लावून दोनदा वाचलं अन् सकाळी वेचणीला बाया लवकर येणार म्हणून उठले.