‘पंचवीस शब्दांची यादी टाका, झालं’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

सदस्यांना कुठली युजरनेम घेऊ द्यायची नाहीत, यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. “राखीव नावांची पंचवीस शब्दांची यादी लिहायला दहा मिनिटं लागतात. लेखकाने युजरनेम असलेली साइट कधी चालवलेली दिसत नाही.” पहिल्या वाक्यावर वाद घालू. दुसरं मात्र लागलं. गेली बारा वर्षं लॉगिन आणि खात्यांचा कोड हेच माझं काम आहे. काही न विचारता समोरच्याला अडाणी ठरवायचं, याला टीका म्हणत नाहीत.

एक चूक माझी. हॉस्टमास्टरचं प्रकरण मी २०१४चं लिहिलं होतं, ते मार्च २०१५चं आहे. लेखात दुरुस्त केलंय. फिनलंडमधल्या एकाने मायक्रोसॉफ्टच्या लाइव्ह डॉट एफआय या मेलसेवेवर ‘हॉस्टमास्टर’ हा पत्ता घेतला आणि त्याच्या जोरावर त्या डोमेनचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘ही साइट खरी’ असं ब्राउझरला सांगणारा दाखला, मिळवलं. वर्ष चुकलं म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. ॲडमिन, ॲडमिनिस्ट्रेटर, वेबमास्टर, हॉस्टमास्टर, पोस्टमास्टर या पाच पत्त्यांवर आलेला मेल ज्याला वाचता येतो त्याला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था डोमेनचा मालक मानू शकतात. तुमच्या पंचवीसांत हे पाचही आहेत?

आता ती ‘दहा मिनिटं’. कोड ठेवायच्या गिटहब साइटसारखं प्रोफाइल थेट डोमेनपुढच्या पहिल्या शब्दावर असेल, तर ‘सेटिंग्ज’, ‘एक्सप्लोर’, ‘प्रायसिंग’ हे शब्द साइटचे. पण पुढच्या वर्षी तुम्ही नवीन पान काढाल, तेव्हा तो शब्द एखाद्या सदस्याने आधीच घेतलेला असेल. राउटरमध्ये, म्हणजे कुठल्या पत्त्यावर काय उघडायचं ते ठरवणाऱ्या कोडमध्ये, तुमचं पान आधी जुळलं तर त्याचं प्रोफाइल गायब होतं, त्याचं आधी जुळलं तर तुमचं पान. नोंदणीच्या वेळची तपासणी इथे कामाची नाही. प्रत्येक बिल्डमध्ये, म्हणजे साइटची नवी आवृत्ती बांधताना, राउटरमधले पहिले शब्द काढायचे, सदस्यांच्या टेबलाशी ताडायचे आणि जुळला तर बिल्ड पाडायचं. जुन्या सदस्याचं नाव काढून घ्यावंच लागलं, तर आधी कळवायचं आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप नेणारा रिडायरेक्ट ठेवायचा, कारण लोकांच्या मशीनवरच्या गिट रिमोटमध्ये (कोड जिथून आणायचा त्या पत्त्यात) ते नाव लिहिलेलं असतं. मात्र तोच शब्द तुमच्या पानाने घेतला की रिडायरेक्ट फक्त रेपॉझिटरीच्या, म्हणजे सदस्याच्या एकेका कोडसाठ्याच्या, पूर्ण पत्त्यांपुरता चालतो.

मग तुलना. सदस्याने टंकलेलं नाव जसंच्या तसं यादीशी ताडलं तर मोठ्या अक्षरातला ‘ॲडमिन’ सहज आत येतो. आधी एनएफकेसी (युनिकोडमधली एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं), मग केसफोल्ड (लहान-मोठ्या अक्षरांतला फरक पुसणं), मग तुलना, आणि त्याच रूपावर युनिक इंडेक्स, म्हणजे डेटाबेसमध्ये ते दोनदा येऊच नये. हेही पुरत नाही. २०१३मध्ये स्पॉटिफायने सांगितलेली चूक अशी होती: वर चढवलेल्या छोट्या कॅपिटल अक्षरांतलं नाव नाव एकसारखं करणाऱ्या त्यांच्या फंक्शनमधून एकदा गेलं की साधी मोठी अक्षरं यायची, दुसऱ्यांदा गेलं की लहान. नवं खातं काढून पासवर्ड रीसेट मागितला की दुसऱ्याच माणसाचं खातं हाती यायचं. म्हणून फंक्शन दोनदा चालवायचं, उत्तर बदललं तर नाव नाकारायचं. ही एक ओळ माझ्या लेखात होती, तुमच्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेखही नाही.

आणि प्रोग्रामरांच्या साइटवर यादीची जात वेगळी असते. जावास्क्रिप्टच्या साध्या ऑब्जेक्टमध्ये यादी ठेवलीत, तर ‘कन्स्ट्रक्टर’ हे नाव कुणी न घालताही सापडतं, कारण ते प्रोटोटाइपवरून, म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्टला भाषेकडून मिळणाऱ्या वारशातून, येतं. मॅप किंवा सेट वापरा. नावाने फाइल किंवा फोल्डर बनत असेल तर कॉन, नल, ऑक्स, पीआरएन विंडोजवर चालत नाहीत. रस्ट भाषेच्या पॅकेजांच्या (क्रेट्सच्या) इंडेक्समध्ये ‘नल’ नावाचं पॅकेज शिरलं तेव्हा विंडोजवर ती पॅकेजं आणणारा कार्गो अडला होता. शिवाय ‘@’ लावून नाव लिहिलं की सदस्याला सूचना जाते अशा साइटवर जावातलं ‘@ओव्हरराइड’ किंवा पायथनमधलं ‘@प्रॉपर्टी’ बॅकटिकविना (मजकूर कोड असल्याची खूण न लावता) कुणी चिकटवलं की त्या नावाच्या सदस्याला हकनाक सूचना जाते. हे पंचवीस शब्दांत बसवून दाखवा.

खरा उपाय यादीत नाहीच, असं मी लेखात लिहिलं होतं. सदस्यांची जागा वेगळी करा: कोड ठेवायची साइट लाँचपॅड पत्त्यात नावाआधी ‘~’ लावते, मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम ‘@’. गिटहबसारख्याच गिटलॅबने प्रोजेक्टमधली स्वतःची पानं ‘/-/’च्या मागे नेली. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो साइटवर प्रोफाइलच्या पत्त्यात सदस्याचा क्रमांक असतो, त्यामुळे तिथे दोघांचं नाव एकच असलं तरी बिघडत नाही. मग पानांपुरती यादी लागत नाही; मेल आणि सबडोमेनची (डोमेनच्या आधी नाव जोडून होणाऱ्या पत्त्यांची) लागतेच.

“देवनागरी युजरनेम कोण ठेवतं?” हा तुमचा प्रश्न सोडून देतो. ‘दऱ्याखोऱ्या’मधला ऱ्य दोन रीतींनी टंकता येतो, आणि झेडडब्ल्यूजेवाला (न दिसणारं जोडचिन्ह असलेला) प्रकार एनएफकेसीनंतरही वेगळाच राहतो, एवढंच. लेखाच्या लांबीबद्दल आणि फाँटबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर बोलायची गरज वाटत नाही.

तुमची यादी इथेच खाली टाका. सोबत ती ज्या फंक्शनने तपासता तेही टाका, आणि त्याला ‘कन्स्ट्रक्टर’ देऊन काय उत्तर आलं ते लिहा.